कॉम्प्युटर मध्येच का कोसळतो? आधी ताशा समजून घेऊ

२०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले. एआयच्या सर्व्हरना मेमरी पुरवण्यात जास्त पैसा आहे हे कारखान्यांना कळलं आणि तुमच्या-माझ्या डेस्कटॉपसाठीच्या पट्ट्या महागल्या. घरगुती ग्राहकांना 'क्रूशियल' नावाने रॅम विकणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये तो धंदाच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारातून नवीन मशीनचं कोटेशन आणणारे लोक तो कागद घडी घालून खिशात ठेवायला लागले आणि एक जुना प्रश्न पुन्हा डोकं वर काढायला लागला: "आहे तोच कॉम्प्युटर ओव्हरक्लॉक करून पळवता नाही का येणार?"

माझ्या भाच्याने मला हे फोनवर विचारलं. तो चंद्रपूरला राहतो. त्याने मशीन स्वतः असेंबल केलंय आणि त्याबद्दल त्याला रास्त अभिमान आहे. पुढचं वाक्य मात्र त्याने हळू आवाजात सांगितलं: "मामा, पण आधीच तो अधूनमधून आपोआप बंद पडतो."

त्याला हे दोन वेगळे विषय वाटत होते. खरं तर विषय एकच आहे.

क्लॉक म्हणजे घड्याळ नव्हे, ताशा

प्रोसेसरच्या आत अब्जावधी बारीक स्विच असतात. ते मनाला येईल तेव्हा उघडझाप करत नाहीत, एका ठेक्यावर करतात. हा ठेका देणाऱ्या यंत्रणेला क्लॉक म्हणतात. शब्दामुळे डोळ्यांपुढे भिंतीवरचं घड्याळ येतं, पण गणपतीच्या मिरवणुकीतलं ढोल-ताशा पथक डोळ्यांपुढे आणलंत तर गोष्ट चटकन कळेल. पुढे ताशा वाजतो, मागे शंभर ढोल त्याच्यावर चालतात.

प्रोसेसर ५ गिगाहर्ट्झचा आहे म्हणजे त्याचा ताशा सेकंदाला ५०० कोटी ठोके देतो. एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंतच्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम ६ सेंटिमीटर जातो. एवढ्या वेळात प्रत्येक ढोलवाल्याने टिपरू उचलून, ढोलावर आपटून, पुढच्या ठोक्यासाठी तयार राहायचं असतं.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे ताशेवाल्याला सांगणं, "कंपनीने ५ सांगितलंय, तू ५.३ वाजव." तो वाजवतो. त्याला काय जातंय! अडचण मागच्या रांगेत होते. तिथला एखादा टिपरू खाली आणेपर्यंत पुढचा ठोका येऊन जातो.

मिरवणुकीत एक ढोल चुकला तर गोंगाटात खपून जातं. प्रोसेसरमध्ये खपत नाही. एका शून्याच्या जागी एक पडला की गेम बंद होतो, निळा पडदा येतो, मशीन हँग होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कधीकधी काहीच होत नाही. फाइल मुकाट्याने बिघडते आणि सहा महिन्यांनी मुंजीचे फोटो उघडताना अर्धा फोटो राखाडी दिसतो.

मग जोरात मारायला सांगा की!

हीच युक्ती करतात. स्विचला जास्त व्होल्टेज दिलं की ते लवकर उघडझाप करतं. पण जोरात वाजवणारा दमतो आणि तापतो. किती तापतो याचं गणित फार निर्दयी आहे. उष्णता वेगाच्या पटीत वाढते, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत.

आकडे घालून बघा. वेग ५ वरून ५.५ गिगाहर्ट्झ केला, म्हणजे १० टक्के वाढला. तो टिकावा म्हणून व्होल्टेज १.२ वरून १.४ केलं. वर्गाचा हिशोब केला की नुसत्या व्होल्टेजमुळे उष्णता ३६ टक्के वाढते. वेगाचे १० टक्के त्यात गुणले की जवळपास ५० टक्के. दहा टक्के काम जास्त आणि दीडपट शेगडी. गेममध्ये तर त्या दहाचेही दहा दिसत नाहीत, कारण बऱ्याचदा प्रोसेसर ग्राफिक्स कार्डाची वाट बघत बसलेला असतो.

पण पूर्वी लोक करायचेच ना?

करायचे, आणि त्यांना ते परवडायचं. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर आला होता. चालायचा ३०० मेगाहर्ट्झवर. मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या पाटीवर, बसचा (भागांमधल्या माहितीच्या वाटेचा) वेग ६६ वरून १०० केला की तोच ४५० वर पळायचा, आणि पुष्कळदा व्होल्टेजला हातही न लावता. दीडपट वेग फुकट! कॉम्प्युटरवेड्या पिढीला ओव्हरक्लॉकिंगची चटक लागली ती अशा चिपांमुळे.

ते शक्य होतं, कारण कंपन्या तेव्हा हातचं बरंच राखून विकायच्या. आता ते राखलेलं त्यांनी स्वतःच वापरून टाकलंय. त्याला टर्बो म्हणतात. आजचा प्रोसेसर दर क्षणी स्वतःचं तापमान आणि वीज बघतो आणि वाव दिसला की वेग वाढवतो. २०२२ मध्ये आलेल्या इंटेल आय९-१३९००के चा मूळ वेग ३ गिगाहर्ट्झ, टर्बो ५.८. थोडक्यात, खोक्यातून बाहेर काढलेला प्रोसेसर आधीच ओव्हरक्लॉक झालेला असतो. खरवडायला तळाशी फारसं काही उरलेलं नाही.

कंपनीनेच वेग वाढवलाय, तर धोका कसला?

या प्रश्नाचं उत्तर इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीने दिलं.

२०२३ च्या अखेरीपासून महागड्या मशीनवर विचित्र तक्रारी येऊ लागल्या. गेम सुरू होताना संदेश यायचा की ग्राफिक्स कार्डाची मेमरी संपली. कार्डात मेमरी भरपूर शिल्लक. लोकांनी कार्डं बदलली, ड्रायव्हर बदलले, विंडोज नव्याने टाकलं. चूक प्रोसेसरची होती. गेम सुरू होताना दाबून भरलेली पुष्कळ माहिती उलगडावी लागते, तेव्हा प्रोसेसरवर एकदम ताण येतो, हिशोब चुकतो, आणि चुकलेल्या हिशोबाचं खापर मेमरीवर फुटतं.

जुलै २०२४ मध्ये इंटेलने कबूल केलं की प्रोसेसरमधला मायक्रोकोड गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. मायक्रोकोड म्हणजे प्रोसेसरच्या आतला, त्यालाच चालवणारा छोटासा प्रोग्रॅम. ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ नावाची दुरुस्ती आली आणि मागणीला १.५५ व्होल्टचं झाकण बसलं. सप्टेंबरमध्ये मूळ कारणही सांगितलं गेलं, आणि ते वाचताना मला पुन्हा ढोल पथकच आठवलं. क्लॉकचा ठोका चिपभर पोचवणारं तारांचं जाळं असतं, त्याला क्लॉक ट्री म्हणतात. जास्त व्होल्टेज आणि तापमानामुळे त्यातलाच एक भाग अकाली म्हातारा होत होता. म्हणजे ढोलवाले ठीक, ताशेवालाही ठीक, पण ताशाचा आवाज ज्या वाटेने मागे पोचतो ती वाटच झिजली. ठोका वाकडा होऊन पोचायचा.

झिजलेली चिप दुरुस्तीने बरी होत नाही. बायोस म्हणजे मदरबोर्डवरचा, मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम; ही दुरुस्ती त्याच्यातून येते. नवा बायोस फक्त पुढची झीज थांबवतो. इंटेलने या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, तीनाची पाच केली. तुमच्याकडे १३ वी किंवा १४ वी पिढी असेल तर आज करण्यासारखं काम एकच: मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवर जाऊन ताजा बायोस टाकणं. तो टाकताना लाईट जाऊ नये. पावसाळी संध्याकाळी हे काम काढू नका.

वर्षभर आधी इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडीचीही अशीच गत झाली होती. एप्रिल २०२३ मध्ये तिच्या रायझन ७०००एक्स३डी मालिकेतले काही प्रोसेसर जळून फुगल्याचे फोटो फिरायला लागले. रॅम वेगात चालवण्याचं सेटिंग चालू केल्यावर काही मदरबोर्ड प्रोसेसरच्या एका भागाला फाजील व्होल्टेज देत होते. त्यावर एएमडीने १.३० व्होल्टची मर्यादा घातली.

रॅमचं ओव्हरक्लॉकिंग तुम्ही बहुतेक आधीच केलंय

पाकिटावर ६००० (हा तिचा वेग) लिहिलेली आजच्या पिढीची डीडीआर५ रॅम लावली आणि काहीच केलं नाही, तर ती बहुधा ४८०० वर चालते. ६००० मिळवायला बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो नावाचं, रॅम वेगात चालवण्याचं सेटिंग चालू करावं लागतं. ते केलं की रॅमचं व्होल्टेज १.१ वरून साधारण १.३५ वर जातं. दुकानदार हे करून देतो, आपण 'रॅम नीट सेट केली' म्हणतो, पण कागदोपत्री हे ओव्हरक्लॉकिंगच. त्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, असं प्रोसेसरवाल्या दोन्ही कंपन्या म्हणतात.

तरी मी हे करतोच, सगळेच करतात. एवढ्या पैशाची रॅम घेऊन ४८०० वर चालवायची म्हणजे बुलेट घेऊन दुसऱ्या गियरमध्ये फिरायचं. फक्त मशीन विचित्र वागायला लागलं की पहिला संशय इथे घ्यावा. एक्सएमपी बंद करून दोन दिवस वापरून बघा. चार पट्ट्या लावल्या असतील तर संशय दुप्पट घ्या, कारण चार पट्ट्यांना एका ठेक्यात ठेवणं दोघींपेक्षा कितीतरी कठीण.

म्हणजे काहीच करायचं नाही का?

करायचं, पण उलट्या दिशेने. कंपनी सगळ्या चिपांना पुरेल असं व्होल्टेज ठेवते, त्यातल्या सगळ्यात रडक्या चिपलासुद्धा. तुमची चिप बरी असेल तर ती कमी व्होल्टेजवर तोच वेग देईल. याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. वरचं वर्गाचं गणित आता आपल्या बाजूने उभं राहतं. व्होल्टेज थोडं उतरलं की उष्णता बरीच उतरते, आणि थंड झालेला प्रोसेसर टर्बोमध्ये जास्त वेळ टिकतो. रायझनवर हे कर्व्ह ऑप्टिमायझर नावाच्या सेटिंगने करतात. एवढी खटपट नको असेल तर विजेची मर्यादा कमी करावी. १३९००के ला २५३ वॉटपर्यंत खायची मुभा असते, ती १२५ वर आणली तर व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याला फरक दिसेल, गेम खेळणाऱ्याला सहसा नाही.

इथेही पायरीपायरीने उतरायचं. एक पायरी, मग तासभर ताण देणारी चाचणी, मग पुढची. ओसीसीटी किंवा प्राइम९५ प्रोसेसरसाठी, मेमटेस्ट८६ रॅमसाठी. मेमटेस्टमध्ये एकही चूक चालत नाही. "फक्त दोनच एरर आल्या" हे "दुधात दोनच माश्या पडल्या" म्हणण्यासारखं आहे.

चंद्रपूरचा मे महिना

इंग्रजी व्हिडिओंमधली तापमानं आपल्या कामाची नसतात, कारण ती बहुतेक थंड खोलीतली असतात. प्रोसेसरवर बसवलेला कूलर त्याला गार करत नाही. तो प्रोसेसरची उष्णता खोलीत ओततो, एवढंच. त्यामुळे प्रोसेसर नेहमी खोलीपेक्षा काही अंश गरमच राहणार. समजा ताणाखाली तो खोलीपेक्षा ५० अंश वर जातो. २५ अंशांच्या खोलीत ७५ झाले, छान. विदर्भात मेच्या दुपारी पत्र्याखालच्या खोलीत ४४ असतात, तिथे ९४. इंटेलचा प्रोसेसर साधारण १०० ला पोचला की स्वतःला आवरायला लागतो. डिसेंबरात घट्ट बसलेलं ओव्हरक्लॉक मेमध्ये का ढासळतं, ते यावरून कळेल. चाचणी घ्यायची तर उन्हाळ्यात, दुपारी तीनला.

वाळ्याचा कूलर असेल तर कॅबिनेट त्याच्या थेट झोतात ठेवू नका, ओली हवा आणि धूळ मिळून आत लगदा होतो. आणि टेबलाच्या बंद कप्प्यात तर कॅबिनेट मुळीच ठेवू नका, ते आपलीच गरम हवा पुन्हा ओढतं. भाच्याचं कॅबिनेट टेबलाच्या कप्प्यातच होतं. ताईने त्यावर विणलेला रुमालही घातला होता, वरच्या पंख्याच्या जाळीवर.

नवीन मशीन पहिल्याच दिवशी ९५ दाखवत असेल तर प्रोसेसरवरचा कूलर काढून त्याचा तळ बघा. तिथे एक पारदर्शक प्लॅस्टिक चिकटवलेलं असतं, ते काढायचं कधीकधी राहिलेलं असतं. हसू नका, मी स्वतः हे केलंय.

सुरूच होत नाही, तेव्हा

पंखे फिरतात, पडदा काळा. घाबरण्याआधी मॉनिटरची वायर बघा, ती ग्राफिक्स कार्डाला लावलीय की मदरबोर्डला. ज्या इंटेल प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असतो त्यात स्वतःचं ग्राफिक्स नसतंच. प्रोसेसरची वेगळी आठ पिनांची वायर मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात लागते, ती विसरली जाते. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटं काळा पडदा राहू शकतो, रॅमची तालीम चाललेली असते. लोक घाईने बटण दाबून ती मोडतात.

तरीही नाही? एकच पट्टी ठेवा, प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत. बाकी सगळं काढा. भिंतीतला प्लग काढून मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा, बायोसची सगळी सेटिंगं मूळपदावर येतात. फसलेल्या ओव्हरक्लॉकवर हाच उतारा.

एसएमपीएस, म्हणजे ज्याचं नाव कोणी घेत नाही तो

लोक प्रोसेसरला पैसे मोजतात आणि एसएमपीएस कॅबिनेटबरोबर येईल तो घेतात. भिंतीतल्या २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करून देणारा हा डबा. त्यावरचा ८० प्लसचा शिक्का तो वीज किती वाया घालवतो हे सांगतो, तो किती चांगला आहे हे नव्हे.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मशीन बिघडलेलं असेलच असं नाही. एसएमपीएसमधल्या फिल्टरमधून किंचित वीज कॅबिनेटच्या पत्र्यावर येते आणि अर्थिंगच्या वायरने निघून जायला हवी असते. अर्थिंगच नसेल तर ती तुमच्यातून जाते. चप्पल घालणं हा उपाय नव्हे, वायरमनला बोलवा. आणि एसएमपीएस स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकी वीज राहू शकते.

दिवसाआड बंद पडणारा कॉम्प्युटर

आता भाच्याकडे परत येतो. त्याने तोवर रॅम बदलून पाहिली होती आणि विंडोज दोनदा टाकलं होतं. दुकानदाराने ग्राफिक्स कार्ड बदलायला सांगितलं होतं. तेवढ्यावरच गाडी थांबली होती, कारण पैसे नव्हते.

विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाची एक नोंदवही असते. त्यात त्याला दर वेळी 'कर्नल-पॉवर ४१' दिसायचं आणि त्यावरून तो एसएमपीएसचा कर्नलशी संबंध शोधत बसला होता. ही नोंद पंचनाम्यासारखी असते. मशीन नीट बंद न होता गेलं, एवढंच ती सांगते. कोणी मारलं ते सांगत नाही. त्याच वहीत 'डब्ल्यूएचईए' नावाच्या नोंदी असत्या, तर प्रोसेसरने स्वतःच चूक पकडली असं म्हणता आलं असतं. त्या नव्हत्या.

मी म्हटलं, "काय होतं ते राहू दे. केव्हा होतं ते लिहून ठेव."

पंधरा दिवसांनी त्याने यादी पाठवली. बंद पडण्याच्या सगळ्या वेळा संध्याकाळी साडेसहा ते सात. आणि एक दिवसाआड. तापमानाचा दोष असता तर दुपारी पडलं असतं. रॅमचा असता तर कधीही. एक दिवसाआड काय होतं घरात?

"नळाला पाणी येतं," ताई मागून म्हणाली.

पाणी आलं की ताई मोटर लावते. मोटर सुरू होताना चालू असतानाच्या कितीतरी पट वीज ओढते, त्यामुळे क्षणभर सगळ्या घराचं व्होल्टेज खाली येतं. ट्यूबलाइट लपकते ती यामुळेच. संध्याकाळी त्यांच्या गल्लीत व्होल्टेज आधीच उतरलेलं. भाच्याच्या एसएमपीएसला मागे एक लाल सरकपट्टी होती, ११५ किंवा २३० निवडायची, आणि ती बरोबर २३० वर होती. पण असा जुन्या पद्धतीचा डबा २३० वर ठेवला की १८० च्या खाली फार तग धरत नाही. मशीन नुसतं चालू असेल तर निभायचं. गेम चालू असला, ग्राफिक्स कार्ड पोटभर खात असलं, की मोटरचा झटका आणि पडदा काळा. ओव्हरक्लॉक केलं असतं तर हा डबा आणखीच लवकर गुडघे टेकता.

१०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही चालणारा, लाल पट्टी नसलेला एसएमपीएस आणून लावला. कप्प्याचं दार काढलं, रुमाल टीव्हीवर गेला. ओव्हरक्लॉकिंगचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

तक्रार आता ताईची आहे. पूर्वी कॉम्प्युटर बंद पडला की भाचा चिडून बाहेर यायचा, आणि मग मोटर बंद करायचं काम त्याच्याकडेच लागायचं. आता तो आत खेळत राहतो आणि टाकी जिन्यावरून वाहते.